टोपीची पिन आणि बंद पडलेली गाडी



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाची व्हॅन चालता चालता बंद पडायला लागली. जुनीच घेतलेली पेट्रोल व्हॅन, हप्ते अजून चालू. गुरुवारी चटण्या, पापड, शेवया भरून बाजाराला निघायचं, आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीनं दोन-तीन आचके द्यायचे आणि गप्प व्हायचं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. बाजारात पोचेपर्यंत बसायची जागा गेलेली आणि सकाळचं गिऱ्हाईकही गेलेलं. रस्त्यानं जाणारे थांबायचे, मदत करायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जो तो इंजिन बघायच्या आधी स्टेअरिंगवर बसलेल्या आमच्या ताईंकडे बघायचा. "क्लच नीट दाबला नसेल हो." एका गॅरेजवाल्यानं तर बॉनेटही न उचलता इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं. त्यानं आकडा असा सांगितला की महिन्याच्या बैठकीत व्हॅन विकून टाकायचा विषय निघाला.

त्याच दिवसांत आम्ही रेडिओसाठी जुन्या गोष्टी शोधत होतो, तेव्हा मोटारगाडीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाची हकीकत हाती लागली. तो प्रवास एका बाईनं केला होता, तिची गाडीही वाटेत पुन्हा पुन्हा अडली होती, आणि दर वेळी तिनं ती चालू केली होती. आमच्या व्हॅनचं काय झालं ते शेवटी सांगू. आधी ही हकीकत ऐका.

पण त्याच्याही आधी चुलीपाशी बसू. चूल पेटायला काय लागतं? सरपण, ठिणगी आणि वारा. सरपण ओलं असलं, काडी विझली किंवा राखेनं चुलीचं तोंड बुजलं, की नुसता धूर. पेट्रोलच्या इंजिनात याच तीन गोष्टी असतात. पेट्रोल हे सरपण, प्लग ठिणगी टाकतो, आणि हवा फिल्टरमधून आत ओढली जाते. फरक इतकाच की आपली चूल सकाळी एकदा पेटली की पेटती राहते. इंजिनातली चूल मिनिटाला शेकडो वेळा विझते आणि तितक्याच वेळा पुन्हा पेटवावी लागते. म्हणून तिघांतलं एक जरी क्षणभर चुकलं तरी गाडी आचका देते, आणि चुकतच राहिलं तर बंद पडते. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, तिथं हवाच इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल पेटवते. शिवाय एवढ्या जाळाची उष्णता काढून घ्यायला पाणी लागतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढची सगळी गोष्ट कळते.

जर्मनी देशात फोर्त्सहाइम नावाचं गाव आहे. तिथं ३ मे १८४९ रोजी बर्था रिंगर जन्मली. घर खातंपितं, वडील बांधकामाच्या धंद्यातले. मुलगी झाली तेव्हा घरच्या बायबलमध्ये वडिलांनी 'पुन्हा मुलगीच' अशा अर्थाची हळहळ लिहून ठेवली होती, असं सांगतात. हे वाचून आमच्या खोलीत कोणालाच नवल वाटलं नाही.

बर्थाचं लग्न ठरलं कार्ल बेंझ या हुशार पण खिसा रिकामा असलेल्या इंजिनिअरशी. त्यानं १८७१ मध्ये मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर लोखंडकामाचं वर्कशॉप काढलं होतं. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थानं तिच्या लग्नात द्यायची रक्कम वडिलांकडून आधीच मागून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. हुंडाच तो. हुंड्याचं कौतुक आम्हाला नाही, पण तो सासरच्या पेटीत न पडता वर्कशॉपात गेला आणि तोही बाईच्या ठरवण्यानं, हे सांगायला हवं. २० जुलै १८७२ ला लग्न झालं. त्या काळी तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईच्या पैशाचा कारभार नवऱ्याच्या हाती जात असे. पैसा बर्थाचा असूनही धंद्याच्या कागदावर मालक म्हणून तिचं नाव नव्हतं.

पुढची काही वर्षं फार ओढाताणीची गेली. १८७९ च्या शेवटच्या रात्रीची आठवण कार्लनं म्हातारपणी लिहून ठेवली आहे. घरात पैसा नाही, नवं इंजिन चालायला तयार नाही. रात्रीच्या जेवणानंतर बर्थानंच म्हटलं की चल, वर्कशॉपात जाऊन आणखी एकदा बघू. दोघं गेली, इंजिन फिरवलं, आणि ते चाललं. तासभर ती दोघं नुसता त्याचा आवाज ऐकत उभी होती. ज्यांनी बंद पडलेली विहिरीवरची मोटर आठ दिवसांनी चालू होताना ऐकली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२९ जानेवारी १८८६ ला कार्लनं त्याच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज मोटारीचा जन्म म्हणून हीच तारीख सांगतात. गाडी तीन चाकांची. पुढं एक चाक, मागं दोन मोठी, मागच्या बाजूला आडवं बसवलेलं एकाच सिलिंडरचं इंजिन. ना छत, ना काच. चालू करायची तर मागं जाऊन मोठं चाक हातानं फिरवायचं. पण गिऱ्हाईक मिळेना. लोकांनी गाडी वर्कशॉपाच्या आसपास चार चकरा मारताना बघितली होती. गावाहून गावाला ती जाईल हे कोणी मानायला तयार नव्हतं. कार्लचा स्वभाव असा की अजून एक सुधारणा, अजून एक सुधारणा, आणि गाडी काही दाराबाहेर जाईना.

मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बर्थानं गाडी बाहेर काढली. वय ३९, चार लेकरांची आई. थोरला ऑयगन पंधरा वर्षांचा, धाकटा रिचर्ड चौदाव्या वर्षात, हे दोघे तिच्याबरोबर. नवरा झोपलेला. आईला भेटायला फोर्त्सहाइमला जातो अशी चिठ्ठी ठेवली. गाडीनं जातोय हे त्यात लिहिलं नव्हतं म्हणे! मानहाइम ते फोर्त्सहाइम सुमारे १०५ किलोमीटर. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे, पेट्रोल पंप हा शब्दच नाही, आणि वाटेत गाडी बघितलेला माणूस भेटायची शक्यता शून्य.

पहिला प्रश्न सरपणाचा. गाडीत जेमतेम साडेचार लिटर इंधन मावायचं. लिग्रोइन नावाचं हलकं तेल ते, त्या काळी कपड्यावरचे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळायचं. विस्लोख गावात बर्थानं औषधवाल्याकडून लिग्रोइन घेतलं. ते दुकान आजही दाखवतात, जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून. डाग काढायला बाटलीभर तेल नेणारी गिऱ्हाइकं बघितलेल्या त्या दुकानदाराला या बाईच्या पदराला केवढा डाग पडलाय असं वाटलं असेल, असं आमच्यातली एक म्हणाली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इंजिन थंड ठेवणारं पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं. म्हणून विहीर दिसली थांब, ओढा दिसला थांब, खानावळ दिसली थांब. मुलं उतरून पाणी आणायची.

आणि मग गाडी बंद पडली. इंधनाच्या बारीक नळीत कचरा अडकला होता. इथं आपल्याला सोपं जावं म्हणून आठवण करून देतो, रॉकेलच्या स्टोव्हची पिन! स्टोव्ह फडफडायला लागला, ज्योत पिवळी पडली, की आपण काय करायचो? निप्पलच्या भोकात पिन घालून कचरा काढायचो. कोणी मेकॅनिकला बोलवायचं नाही. बर्थानं अगदी तेच केलं. त्या काळी तिथल्या बायका टोपी केसांत बसवायला लांब पिन वापरत. ती पिन काढून तिनं नळी मोकळी केली आणि गाडी चालू झाली.

पुढं केव्हातरी ठिणगी गेली. बॅटरीची वीज प्लगपर्यंत नेणाऱ्या तारेवरचं आवरण झिजलं होतं. वीज मधेच लोखंडाला लागून जायची, प्लगपर्यंत पोचायचीच नाही. वेष्टण म्हणून बर्थानं पायमोज्याचा पट्टा वापरला. हा पट्टा म्हणजे मोजे मांडीवर घट्ट राहावेत म्हणून बांधायचा, चारचौघांत ज्याचं नावही घ्यायचं नाही असा. भर रस्त्यात तो काढून तारेला बांधायचा, तेही पोटच्या पोरांसमोर, आणि त्या काळात. आम्हाला तिचं धाडस इथं पिनेपेक्षाही जास्त वाटलं.

सरपण झालं, ठिणगी झाली. राहिल्या इतर गोष्टी. मागची चाकं फिरवणारी साखळी ओढ खाऊन सैल झाली, ती ब्रुखझालच्या लोहाराकडून ठीक करून घेतली. चढावर इंजिनाची ताकद पुरेना तेव्हा उतरून गाडी ढकलली. उतारावर उलटं दुखणं. ब्रेक म्हणजे चाकावर दाबायचे लाकडी ठोकळे, ते घासून घासून निकामी व्हायला लागले. बाउश्लोट गावात चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनरची सुरुवात तिथूनच झाली असं मानतात. अंधार पडताना तिघं फोर्त्सहाइमला पोचली, आणि बर्थानं नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी वेगळ्या वाटेनं तीच गाडी चालवत ती परत घरी आली.

परत आल्यावर तिनं काय काय अडलं ते सांगितलं. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे त्यातलं मोठं. कार्लनं तो बसवला. गाडी शंभर किलोमीटर जाते हे लोकांनी आता डोळ्यांनी बघितलं होतं.

थोडं विषयांतर करतो, पण ते टाळता येत नाही. कार्लला १९१४ मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठानं मानाची डॉक्टरेट दिली. त्याच संस्थेनं बर्थालाही मान दिला, पण केव्हा? ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी. दोन दिवसांनी ती वारली. अमेरिकेत मोटारगाडीच्या क्षेत्रातल्या थोरामोठ्यांची नावं कोरणारी एक संस्था आहे. तिथं कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं आणि बर्थाचं २०१६ मध्ये. सातबाऱ्यावर नाव लागायला जन्म जातो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

बर्थाच्या प्रवासानंतर एकवीस वर्षांनी, १९०९ मध्ये, अमेरिकेत ॲलिस रॅम्झी नावाची २२ वर्षांची बाई न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटारनं निघाली. म्हणजे देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, सुमारे ६,१०० किलोमीटर. ९ जूनला भर पावसात निघाली, ७ ऑगस्टला पोचली. बरोबर दोन नणंदा आणि एक मैत्रीण, तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. ॲलिसचा नवरा वकील. बायकोचा घोडा मोटारीला बुजला म्हणून त्यानं तिला मोटार घेऊन दिली होती, स्वतः मात्र तो चालवत नसे. या प्रवासाचा खर्च मोटार बनवणाऱ्या मॅक्सवेल कंपनीनं केला. आमची गाडी इतकी भरवशाची की बाईसुद्धा नेईल, अशी ती जाहिरात होती. त्या 'सुद्धा'चा आम्हाला राग आला, पण गाडी मिळाली हेही खरं.

सगळ्या वाटेत पक्का रस्ता अडीचशे किलोमीटरही नव्हता. ॲलिसनं स्वतः अकरा टायर बदलले, प्लग काढून साफ केले, तुटलेलं ब्रेकचं पायडल दुरुस्त केलं. एकदा पाणी संपून इंजिन तापलं आणि जवळ बादली नव्हती. तेव्हा नणंदांच्या शृंगाराच्या सामानातल्या चांदीच्या झाकणांच्या काचेच्या बरण्या रिकाम्या केल्या आणि रस्त्याकडेच्या चरातून त्यांनी पाणी वाहिलं. एकेका बरणीत मावणार ते किती! पण रेडिएटर भरेपर्यंत खेपा घातल्या.

त्याच १९०९ साली इंग्लंडमधल्या डॉरथी लेव्हिट नावाच्या मोटारचालक बाईंचं बायकांसाठी मोटार चालवायचं पुस्तक आलं. गाडीत हातात धरायचा छोटा आरसा ठेवा आणि मधून मधून मागचा रस्ता बघा, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं. गाडीला बाहेरचे आरसे बसायच्या आधीची ही गोष्ट.

त्या काळी गाडी बंद पडणं म्हणजे फक्त दोष शोधणं नव्हतं. खाली उतरून पुढच्या बाजूला हँडल घालून इंजिन फिरवावं लागे. इंजिननं उलटा झटका मारला की मनगट मोडायचं. १९१२ मध्ये कॅडिलॅक कंपनीच्या गाड्यांना विजेवर चालणारा स्टार्टर आला. पण हँडल लगेच गेलं नाही. आपल्याकडे जीप आणि ॲम्बॅसिडरला हँडल मारणारे मामा-काका तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी बघितले असतील.

त्या जुन्या गाड्यांचं बंद पडणं साधं असायचं. ठिणगी वेळेवर सोडणारे दोन छोटे पॉइंट असत, ते जळून काळे पडले की गाडी मिसफायर करायची. ड्रायव्हर पॉलिश पेपरनं ते घासून पुढं निघायचा. कार्बोरेटरमध्ये कचरा आला की जेट काढून फुंकर मारायची. आणि उन्हाळ्यात घाटात पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडर थांबली की एक हमखास दृश्य दिसायचं, बॉनेट वर आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं. तो पंप इंजिनालाच जोडलेला असे. इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. ओल्या फडक्यानं पंप निवला की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं. ड्रायव्हरला हे पुस्तकातून कळलेलं नसायचं, पण बरोबर होतं.

आता पंप टाकीच्या आत बसतो आणि पेट्रोल दाबानं पुढं ढकलतो. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्टर आले. कधी किती पेट्रोल सोडायचं आणि कधी ठिणगी टाकायची, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला माहिती देणारे सेन्सर असतात. बिघाड झाला की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, आणि गॅरेजमध्ये यंत्र जोडलं की बिघाडाचा नंबर दिसतो. सोय मोठी आहे. पण नंबर सांगतो की अमक्या ठिकाणची माहिती बिघडली, ती का बिघडली ते शोधावंच लागतं. तार उंदरानं कुरतडली असेल तरी तोच नंबर दिसू शकतो आणि सेन्सर गेला असेल तरी तोच. न बघता सेन्सर बदलून पैसे घालवलेली माणसं आम्हाला माहीत आहेत.

म्हणून आता आमची व्हॅन. बर्थाची गोष्ट वाचल्यावर आम्ही विकायचा विषय एक महिना पुढं ढकलला आणि हिशेबाच्या वहीसारखी गाडीची एक वही घातली. गाडी बंद पडली की चालवणाऱ्या ताईंनी त्यात लिहायचं. कुठं पडली, चढ होता की सपाटी, माल होता की रिकामी, इंजिन तापल्याचा काटा कुठं होता, डॅशबोर्डचे दिवे चालू राहिले की तेही गेले, आचके देऊन पडली की एकदम, आणि किती वेळानं परत चालू झाली.

हे का विचारायचं तेही सांगतो. सगळे दिवे, हॉर्न एकदमच गेले तर आधी बॅटरीचं टर्मिनल बघा. ते सैल असतं किंवा त्यावर पांढरा-हिरवा थर आलेला असतो. दिवे चालू आहेत, पण इंजिन बटण दाबल्यासारखं एकदम गप्प झालं, तर संशय ठिणगीवर किंवा सेन्सरवर जातो. काही सेन्सर आणि कॉइल तापले की काम सोडतात आणि निवले की पुन्हा करतात. आचके देत, दम लागल्यासारखी हळूहळू पडली, तर बहुतेक सरपण कमी पडतंय. सिग्नलला किंवा एसटी थांब्याला गाडी हळू केली की बंद पडते, एरवी चांगली धावते, तर हवा आत घेणारी वाट काळी झाली आहे का किंवा एखादा रबरी पाइप फुटून भलतीकडून हवा शिरते का, ते बघायला सांगा. ही सगळी पक्की खात्री नव्हे, पण मेकॅनिकनं कुठून सुरुवात करावी ते यातून कळतं.

चार आठवड्यांत वहीत चार नोंदी झाल्या. चारही वेळा माल भरलेला, चारही वेळा चढ, आधी आचके, दिवे चालू, तापमानाचा काटा मधोमध, दहा-पंधरा मिनिटांनी परत चालू. रिकामी येताना एकदाही पडली नाही. त्याच ताई तोच क्लच दाबत होत्या, तरीही!

चढावर भरल्या गाडीला पेट्रोल जास्त लागतं. ते पोचत नसावं, इथवर आम्ही आलो. एक साधी गोष्ट आम्ही करून बघितली. टाकीच्या झाकणातून हवा आत जायची वाट बुजली, तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल पुढं जात नाही. अशा वेळी झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि गाडी चालू होते. पाचव्या वेळी बंद पडल्यावर झाकण उघडलं. आवाज नाही, फरक नाही. म्हणजे झाकण नव्हे. हेही वहीत लिहिलं.

मग वही घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि पहिला हात घातला तो पेट्रोलच्या फिल्टरला. आधीच्या मालकानं तो बहुधा कधीच बदलला नव्हता. काढलेल्या फिल्टरमधून हवा सोडून बघितली तर जेमतेम जात होती, आणि आतून निघालेलं पेट्रोल चहासारखं तांबूस. टाकीत गंज होता. सपाट रस्त्यावर लागायचं तेवढं पेट्रोल फिल्टरमधून यायचं, घाटात लागायचं तेवढं येत नव्हतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला. इंजिन खोलायच्या आकड्यापुढं तो खर्च किरकोळ होता. बर्थाच्या नळीतला कचरा आमच्याही नळीत निघाला, १३० हून जास्त वर्षांनी.

मात्र मैत्रिणींनो, बर्थासारखी पिन घेऊन आजच्या गाडीच्या पेट्रोलच्या पाइपाला हात लावू नका. त्यात दाबाखाली पेट्रोल असतं, गरम इंजिनावर उडालं तर भडका होतो. ते काम मेकॅनिकचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकणही लगेच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि गाडी धावत असताना बंद पडली तर घाबरून किल्ली काढू नका, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं. ब्रेक एक-दोन वेळा नेहमीसारखा लागतो, मग तोही जड होतो. म्हणून पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच नीट दाबून धरा, चारही इंडिकेटर लावा, गाडी डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, आणि घाटात असाल तर आधी चाकामागं दगड लावा. आमच्या ताई दगड गाडीतच ठेवतात, घाटात हवा तेव्हा मिळत नाही म्हणून.

ती वही अजून व्हॅनच्या कप्प्यात आहे. गेल्या गुरुवारची नोंद पंक्चरची आहे. टायर दोघींनी मिळून बदलला, पंचवीस मिनिटं लागली, जॅक कुरकुरतो, तेल द्यावं, असं त्यात लिहिलंय.